नागपुरात बाहेर जेवताना सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत कसं ठेवायचं?

फुटाळा_किनारा
डॉक्टरांनी रोजचं सोडियम २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय, अशा माणसाने नागपुरात बाहेर काय खावं याची नेमकी माहिती एका जागी हवी आहे. घरी सगळं जमतं. अडतं ते रविवारी सीताबर्डी-धरमपेठेत जेवायला गेल्यावर, लग्नात, आणि सकाळच्या तर्री-पोह्यांपाशी. "मीठ कमी टाका" सांगूनही भाजी तेवढीच खारट का येते? आणि मग मागवायचं काय? "बाहेर खाऊच नका" हे सोडून काहीही सांगा.

सदर_भटारखाना
भाऊ, तुम्ही टेबलावर बसून "मीठ कमी" म्हणता तेव्हा मीठ पडून चार-पाच तास झालेले असतात. हॉटेलचं स्वयंपाकघर कसं चालतं ते कळलं की अर्धं काम झालं.

सकाळी नऊ-दहाला बेस ग्रेव्हीची पातेली चढतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजची पांढरी, कांद्याची पिवळी. तिन्हींत मीठ तेव्हाच पडतं, कारण मीठ घातलं की कांदा लवकर पाणी सोडतो आणि ग्रेव्ही टिकतेही. डाळ हळद-मीठ घालूनच शिजवून ठेवतात. भाताच्या उकळत्या पाण्यात बहुतेक जागी मीठ आणि तेल असतं. छोले-राजमा मऊ व्हावेत म्हणून खाण्याचा सोडा. टिक्क्याचं चिकन आणि पनीर आदल्या रात्रीपासून मीठ-दह्यात मुरतंय. तुमची ऑर्डर आली की कारागीर कडछीभर ग्रेव्ही कढईत घेतो, पनीर टाकतो आणि वरून एक चिमूट मीठ. तुमच्या सांगण्याने फक्त ती चिमूट वाचते. पनीर बटर मसाला, कोल्हापुरी, हंडी, कढाई: नावं वेगळी असली तरी पाया तोच.

म्हणून प्रश्न बदला. "याच्यात मीठ आधीच पडलंय, की आत्ता पडणार?" एवढंच विचारा. आत्ता पडणार असेल तर थांबवता येतं.

मीठ शेवटी पडणारे पदार्थ नागपुरात भरपूर आहेत. वांग्याचं भरीत: वांगं नुसतं विस्तवावर भाजतात, मीठ ठेचून कालवताना पडतं. झुणका: फोडणीत पाणी उकळल्यावर मीठ आणि मग बेसन. अंडा भुर्जी, ऑम्लेट: मीठ फेटताना. भेंडी किंवा मेथी तव्यावर परतून, ग्रेव्हीशिवाय. झुणका-भाकर देणाऱ्या ठिकाणी ज्वारीची भाकर सहसा बिनमिठाचीच असते, तरी विचारून घ्या. तंदुरी रोटीच्या कणकेत मीठ आधीच मळलेलं असतं, नानमध्ये मीठ आणि सोडा दोन्ही. लंबी रोटीची कणीक तर मीठ-पाणी लावून तास-दीड तास मळलेली असते, तिच्यातलं काही काढता येत नाही.

आहार_धंतोली
वरच्या माहितीला आकडे जोडते, म्हणजे मनात हिशेब करता येईल.

१ ग्रॅम मिठात साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. त्यात दिवसभराचं सगळं आलं.

हॉटेलच्या रश्शात, डाळीत, सांबारात १ टक्क्याच्या आसपास मीठ धरा. १५० मिलिलिटरची एक वाटी म्हणजे दीड ग्रॅम मीठ, म्हणजे ६०० मिलिग्रॅम सोडियम. हे माप पाठ करा, बाकी सगळं यावरून निघतं. ग्रेव्हीच्या भाजीची ३०० मिलिलिटरची प्लेट दोघांत वाटली तरी प्रत्येकी ६००. तंदुरी रोटी एक, २५० ते ३००. उडदाचा पापड एक, २०० च्या पुढेमागे, आणि भाजला की तळला यावर सोडियम ठरत नाही, कारण पापडखार आणि मीठ लाटतानाच आत असतं. लोणच्याची एक फोड खारासकट ४०० पर्यंत सहज जाते. म्हणजे "साधं" जेवण म्हणून डाळ, दोन रोट्या, पापड, लोणचं घेतलं तर दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा तिथेच संपतो.

उलट बाजूही बघा. साधं दही १०० ग्रॅमला ५० च्या आसपास, एक उकडलेलं अंडं ७० च्या आसपास, बिनमिठाचा फुलका आणि बिनमिठाचा भात जवळपास शून्य. काकडी, टोमॅटो, कांदा नगण्य, फक्त वरून चाट मसाला नको. चाट मसाल्यात मीठ आणि पादेलोण हाच मोठा भाग असतो.

दुसरी गोष्ट जिभेवर विसंबण्याची. खारट न लागणाऱ्या पदार्थांतही सोडियम असतं. १ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात पावणेतीनशे मिलिग्रॅम. ढोकळा, नानखटाई, कचोरी, भजी यांत ते असंच शिरतं. अजिनोमोटोत मिठाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं असतं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० च्या आसपास, म्हणून गाडीवरचं चायनीज या आहारात बसतच नाही. तिथे सोया सॉस, मीठ, अजिनोमोटो आणि आधीच तळून ठेवलेले मंचुरियनचे गोळे, चारही एकदम येतात. मीठ वगळलं तरी बाकीचं राहतंच.

इतवारी_तर्री
तर्री-पोह्यांचं मी सांगतो. पोहे भिजवतानाच मीठ आणि हळद लावलेली असते, त्यामुळे ते कमी होणार नाही. १५० ग्रॅमच्या प्लेटला वरच्या मापाने ६००. हरभऱ्याच्या तर्रीची वाटी आणखी ६००. वर चिवडा किंवा शेव, तिचे शंभरेक. नाष्ट्यातच १३०० झाले ना बाप्पा.

पण यातही हात घालता येतो. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तर्रीवर तरंगणारा लाल तवंग तिखट आणि रंग धरून असतो, मीठ खालच्या पाण्यात असतं. तेव्हा "ऊपर की तर्री, दो चम्मच, रस्सा मत डालना" असं सांगा. चव येते, ६०० चे शंभरेक होतात. शेव वेगळी ठेवायला सांगा आणि कच्चा कांदा-लिंबू जास्त मागा. लिंबाने मिठाची उणीव बरीच भरते. अर्धी प्लेट घेतली तर चारशेत भागतं.

सावजीतही हाच नियम. सावजी मसाल्यात खसखस, खोबरं, धणे, दगडफूल, काळी मिरी असतं, मीठ नसतं. ते पातेल्यात मटण परततानाच पडतं आणि फोडींत मुरतं. त्यामुळे फोडी खाऊन रस्सा ताटात सोडलात तर रश्शातलं मीठ वाचतं, फोडींतलं नाही. भाकर चुरून रस्सा ओतून खाल्लंत तर दोन वाट्या कधी गेल्या कळत नाही. आणि सावजीत दुसऱ्या वाटीला कोणी नाही म्हणत नाही, तिथे स्वतःच थांबावं लागतं. पाटोडी रश्शात वडीतही मीठ आणि रश्शातही, म्हणून ती टाळावी.

आहार_धंतोली
@इतवारी_तर्री, तवंगाचं बरोबर आहे. एकच जोड देते. हृदयविकारामुळे मीठ कमी केलेल्यांचं तेलही सहसा मोजलेलं असतं. तेव्हा दोन चमचे म्हणजे चहाचेच दोन, आणि आठवड्यातून एखाद्या दिवशी.

मानेवाडा_७१
भाजी खारट आली तर त्यात बटाटा टाकून मीठ शोषलं जातं म्हणतात. आणि उपवासाचं सैंधव मीठ चालतं ना? साबुदाण्याची खिचडी सैंधवातली मागवली तर?

आहार_धंतोली
बटाटा मीठ वेगळं काढत नाही, खारट पाणी शोषतो. बटाटा काढून टाकलात तर तेवढं पाणी गेलं, खाल्लात तर सगळं पोटातच. भात कालवून खारटपणा जिभेला कमी लागतो, पण पोटात जाणारं मीठ तेवढंच राहतं.

सैंधव, पादेलोण, समुद्री खडे मीठ हे सगळं मुख्यतः सोडियम क्लोराइडच. वजनाला वजन सोडियम जवळपास सारखंच. चमचाभर जाडं मीठ बारीक मिठापेक्षा हलकं भरतं म्हणून कमी वाटतं, इतकंच. साबुदाण्याची खिचडी सैंधवातली असली तरी मीठ मोजूनच धरा.

प्रतापनगर_पोळीभाजी
मग "लो सोडियम" मीठ घरून पुडीत नेऊन हॉटेलात बिनमिठाच्या भाजीवर घालायचं का? सोपं वाटतं.

आहार_धंतोली
ताई, हे आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. त्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड नीट चालत नसेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधं चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. यातली बरीच औषधं रक्तदाबाचीच आहेत, म्हणजे ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय त्यांच्याच गोळ्यांच्या डबीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण ती घरात वरून घालायच्या मिठापुरती, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना वगळून.

पुडीत न्यायचंच असेल तर भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, आमचूर, बिनमिठाची तीळ-जवसाची चटणी न्या. चटणी घरीच करा, विकतच्या बहुतेक चटण्यांत मीठ असतं. भिवापुरी मिरचीची नुसती पूडही चालते. आंबट आणि तिखट मिळून आळणीपणा झाकतात. पहिले काही आठवडे सगळं बेचव लागतं, दोन-तीन महिन्यांत जीभ बदलते आणि मग जुनं प्रमाणच खारट लागायला लागतं.

लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र मीठ आपल्या मनाने कमी करू नये. मीठ एकदम घटलं की लिथियमची रक्तातली पातळी वाढते. ज्यांनी ती गोळी लिहून दिली त्यांच्याशी बोलूनच.

सदर_भटारखाना
वेटरशी बोलायचं कसं तेही लिहितो, कारण गोंधळ तिथेच होतो.

नागपुरात बहुतेक हॉटेलांत बोलणं हिंदीत होतं. "फीका बनाना" म्हणू नका. वेटर त्याचा अर्थ मिरची कमी असा घेतो आणि तुम्हाला बिनतिखटाची, पुऱ्या मिठाची भाजी येते. "नमक कम" म्हणजे किती, ते कारागीर ठरवतो. म्हणा: "नमक बिल्कुल नहीं, डॉक्टर ने मना किया है। नींबू अलग से देना।" आणि ते केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहायला सांगा. तोंडी निरोप भट्टीपर्यंत जाईस्तोवर चार ऑर्डरींत हरवतो. कारण सांगितलं की कारागीर लक्ष देतो. नाहीतर बेचव भाजी परत येईल या भीतीने तो सवयीने चिमूट टाकूनच मोकळा होतो.

वेळ महत्त्वाची. दुपारी बारा-साडेबाराच्या आत, संध्याकाळी साडेसातच्या आत. रविवारी रात्री नऊला कोणाचीही कढई वेगळी धुऊन चढत नाही, आधीच्या भाजीच्या मिठातच तुमची भेंडी परतली जाते. जेवण घरी मागवत असाल तर ॲपवरच्या सूचनेच्या भरवशावर राहू नका, हॉटेलात फोन करून सांगा.

पनीर मागवताना "टिक्का" नको, "सादा पनीर, तवे पे, सिर्फ काली मिर्च" म्हणा. पनीर कोमट पाण्यात ठेवलेलं असतं, काही ठिकाणी त्या पाण्यात मीठ असतं, ते विचारा. बटर वेगळं सांगून बंद करा. हॉटेलातलं बटर सहसा मिठाचंच असतं आणि तव्यावर सवयीने पडतं.

लक्ष्मीनगर_डोसा
इडली-डोश्याचं?

सदर_भटारखाना
पिठातच मीठ असतं, काढता येत नाही. सांबार न घेता नारळाची चटणी चमचाभर, एवढाच मार्ग. चटणीतही मीठ असतंच. (बाहेरगावचे वाचत असतील म्हणून: आमच्याकडे बाजारात "सांबार" मागितलं तर कोथिंबिरीची जुडी हातात येते. हॉटेलातलं सांबार वेगळं.)

नंदनवन_आचारी
लग्नाचं लिहितो. पंगत असो की बुफे, सगळं आदल्या रात्रीपासून ठरतं. आयत्या वेळी काउंटरवर वाढणाऱ्या मुलाला सांगून उपयोग नाही, त्याच्या हातात फक्त डाव असतो.

आदल्या दिवशी यजमानांकडून केटररचा नंबर घ्या. मुख्य आचाऱ्याला सांगा की वरण घोटून झालं की मीठ-हिंग पडायच्या आधी एक डबा बाजूला काढा. दुपारच्या जेवणासाठी हे सकाळी दहाच्या सुमाराला होतं. साधा भात बऱ्याच आचाऱ्यांकडे बिनमिठाचा असतो, मसालेभात आणि वडाभात नाही. वडाभातात वड्यांतही मीठ असतं आणि वरून ओतायच्या फोडणीसोबत चिंचेचं सारही येतं. पोळ्यांच्या कणकेत मीठ असतं, दोन घ्या. कोशिंबिरीत मीठ वाढण्याच्या थोडं आधी घालतात, नाहीतर पाणी सुटतं, तेव्हा तिथेही आधी वाटीभर काढून मिळते. वरण-भात, तूप, लिंबू, कोशिंबीर, दही: एवढ्यात पोट भरतं आणि सोडियम तीनशेच्या आत राहतं.

सांबारवडी, कढीगोळे, पापड, मठ्ठा, लोणचं, चटण्या: हे ताटात घेऊच नका. एकेक घास म्हणत हजार होतात. गोडात श्रीखंड, बासुंदी, खीर चालेल. साखरेचं पथ्य असेल तर तेही नाही.

मेडिकल_चौक
उन्हाळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जो तो "ओआरएस प्या, मीठ-साखर पाणी प्या" सांगतो. प्रमाणित ओआरएसच्या एक लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे सव्वासतराशे मिलिग्रॅम. जुलाब झाले तर ते औषध आहे. नुसतं ऊन आहे म्हणून रोज लिटरभर पिणं म्हणजे दिवसाचा कोटा ग्लासातच संपवणं.

पण याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. मीठ बंद, लघवीची गोळी चालू आणि वर घाम, अशा वेळी रक्तातलं सोडियम घसरू शकतं. मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं, म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी घरी मीठ चाटवत बसू नका, रक्त तपासायला लागतं, लगेच दवाखान्यात न्या. उन्हाळ्यात गोळीचं प्रमाण आणि पाण्याची मर्यादा मार्चमध्येच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

बाहेरच्या पेयांत: उसाचा रस, संत्र्याचा रस, लिंबू सरबत, सगळ्यांत विचारल्याशिवाय काळं मीठ पडतं. यंत्रात ऊस जायच्या आधीच "बिना नमक" म्हणा, नाहीतर ते ग्लासाच्या तळाशी आधीच टाकलेलं असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी संत्र्याचा रस आणि नारळपाणी दोन्ही पोटॅशियममुळे विचारूनच घ्यावं. मसाला सोडा नको. जेवण जड झालं म्हणून घेतात त्या फ्रूट सॉल्टच्या ५ ग्रॅमच्या पुडीत खाण्याचा सोडाच २ ग्रॅमच्या वर असतो, म्हणजे त्यातून ६०० मिलिग्रॅम. पाण्यात फसफसणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांतही सोडियम बरंच असतं, साधी गोळी मागून घ्या.

हृदय कमजोर असणाऱ्यांनी बाहेर जेवल्यावर पुढचे तीन दिवस सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाष्ट्याआधी वजन करावं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, पायावर सूज आली किंवा उशी उंच घ्यावी लागली, तर ते मिठाने धरलेलं पाणी समजा आणि डॉक्टरांना फोन करा.

मानेवाडा_७१
पाकिटातल्या चिवड्या-फरसाणाचं कसं ओळखायचं?

आहार_धंतोली
पाकिटामागच्या पोषणाच्या तक्त्यात सोडियम मिलिग्रॅममध्ये छापणं बंधनकारक आहे. १०० ग्रॅमचा आकडा वाचा. १२० पर्यंत असेल तरच "लो सोडियम" म्हणता येतं, ६०० च्या वर असेल तर ठेवून द्या. "एका वाढणीत" हा रकाना २०-३० ग्रॅमचा असतो, त्याला भुलू नका. हॉटेलांच्या बाबतीत मोठ्या साखळ्यांना मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, सोडियम नाही. म्हणून तिथे वाटीचं माप आणि विचारणं हेच हाती उरतं.

फुटाळा_किनारा
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारसाठी असं ठरवतो: भरीत बिनमिठाचं, दोन भाकरी, साधं दही, कांदा-लिंबू, आणि बरोबरच्यांच्या डाळीतले चार चमचे. संध्याकाळी तलावावर भाजलेला भुट्टा चालेल ना?

सदर_भटारखाना
भाकर-भरीत-दह्याचे शंभर-सव्वाशे, चार मोठे चमचे डाळीचे अडीचशे. दुपार चारशेत निघाली, उत्तम. फक्त बिनमिठाच्या भरतात कच्ची मिरची, हिरव्या कांद्याची पात आणि सांबार जास्त घालायला सांगा.

भुट्टा चालेल, पण लिंबू त्यांचं नको. गाडीवरची लिंबाची फोड तिखट-मिठाच्या वाटीत बुडवूनच दाण्यांवर घासतात आणि तीच फोड दिवसभर त्या वाटीत पडलेली असते. "सादा दो" म्हणून कोरा भुट्टा घ्या, लिंबू खिशातून काढा.